सायकलवरून पडण्याचे शास्त्र

सायकलने रोज कामावर जाणाऱ्या माणसाला धास्ती असते ती मागून येणाऱ्या डंपरची किंवा थांब्याकडे अचानक वळणाऱ्या बसची, आणि ही धास्ती खोटी नाही, कारण सायकलस्वाराचा जीव जातो तो बहुतांशी मोठ्या वाहनाच्या धडकेत. परंतु त्याचे गुडघे फुटतात, मनगट मोडते आणि आठवडाभराची मजुरी बुडते, ते पुष्कळदा कोणीही धडक दिलेली नसताना. नेदरलँड्समध्ये सायकलींसाठी स्वतंत्र मार्गांचे दाट जाळे आहे. तरी तिथेही रुग्णालयात उपचार घ्यावे लागणाऱ्या जखमी सायकलस्वारांपैकी निम्म्याहून अधिक जण दुसऱ्या वाहनाचा स्पर्शही न होता एकटेच पडलेले असतात, असे तेथील अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्याकडे अशा पडण्याची नोंद जवळजवळ होतच नाही, कारण पोलिसांच्या दप्तरी अपघात चढतो तो कोणी तक्रार केली किंवा कोणी दगावले तर; एरवी माणूस उठतो, कपडे झटकतो, फिरलेले हँडल सरळ करतो आणि कामाची पाळी चुकू नये म्हणून पुढे निघतो.

नोंद नाही म्हणून ही बाब किरकोळ मानण्याची सवय जडली आहे, पण ती सोडायला हवी. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांच्या ये-जा करण्याच्या साधनांची विचारणा झाली, तेव्हा त्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जातात असे आढळले. त्यात एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यातला पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा येतो, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे जाणारा कंत्राटी कामगार येतो आणि इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीने जाणारा विणकरही येतो. सायकल ही त्यांची हौस नाही, ते त्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे, आणि मनगट मोडले की त्यांचा रोजगारच थांबतो.

ही माणसे पडतात कशी, हे समजून घेण्यासाठी आधी सायकल उभी कशी राहते हे पाहावे लागते. थांबलेली सायकल आधाराशिवाय क्षणभरही उभी राहत नाही आणि चालती सायकल मात्र सहज तोल सांभाळते, याचे कारण पुष्कळ काळ चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यात शोधले जात होते. फिरता भोवरा जसा आपला आस सोडत नाही तसे फिरते चाक सायकलला सरळ धरून ठेवते, अशी ती समजूत होती. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ती तपासून पाहिली. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम नाहीसा केला, तरीही ती सायकल चालवता आली. पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू हँडलच्या दांड्याच्या रेषेच्या किंचित मागे असतो, त्यामुळे रुग्णालयातल्या ढकलगाडीचे चाक जसे आपोआप गाडीच्या मागे वळते तसे हे चाकही आपोआप योग्य दिशेला वळते, हे दुसरे कारण सांगितले जाते. २०११ साली नेदरलँड्स व अमेरिकेतील संशोधकांनी ही दोन्ही कारणे काढून टाकलेली एक लहानशी सायकल बनवून दाखवली आणि तीही ढकलली असता काही अंतर स्वतःच तोल सावरत गेली. तात्पर्य, एकच एक कारण पुरेसे नाही. परंतु सावरू शकणाऱ्या प्रत्येक सायकलमध्ये एक गोष्ट समान आढळते, ती म्हणजे सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला तिचे हँडल वळते, चाके कललेल्या वजनाच्या खाली येतात आणि पडणे टळते.

म्हणजे सायकल चालवणे हे अखंड पडत राहणे आणि अखंड सावरत राहणे असते. सराव झालेल्या माणसाच्या हातांना हे इतके अंगवळणी पडलेले असते की, आपण हँडल सतत सूक्ष्मपणे हलवत असतो, याची त्याला जाणीवही नसते. विमानाच्या शोधाआधी डेटनमध्ये सायकलींचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने टिपून ठेवले होते की, डावीकडे वळू पाहणारा स्वार आधी हँडल किंचित उजवीकडे वळवतो, त्यामुळे सायकल डावीकडे कलते, आणि मग वळण सुरू होते; स्वारांना विचारले असता मात्र बहुतेक जण, आपण हँडल डावीकडेच वळवतो, असे सांगत. या सगळ्यातून जो निष्कर्ष निघतो तो पुढच्या जवळजवळ प्रत्येक अपघाताची किल्ली आहे. हँडल मोकळेपणाने वळू शकले नाही किंवा वळल्यावर टायरला जमिनीची पकड मिळाली नाही, तर सावरण्याचे साधनच हातातून जाते, मग स्वार कितीही निष्णात असो.

हँडलचे स्वातंत्र्य हिरावून घेणारी पहिली गोष्ट म्हणजे रस्त्यातली लांबट खाच. मुंबईत ३१ मार्च १९६४ पर्यंत ट्राम चालत होती. मेलबर्न, झुरिक यांसारख्या शहरांत ती आजही चालते, आणि तिथल्या सायकलस्वारांना रुळाच्या खाचेत चाक अडकून पडण्याचा धोका चांगला माहीत असतो. ट्राम नसलेल्या आपल्या शहरांत तीच करामत इतर गोष्टी करतात. पावसाळी गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रहदारीच्या दिशेला समांतर बसवलेल्या असतील तर दोन पट्ट्यांमधल्या फटीत सायकलचे अरुंद चाक शिरते. तीच जाळी आडवी बसवली तर ती नुसती खडखडते आणि स्वार निघून जातो. सिमेंटच्या रस्त्यातले लांबीचे सांधे रुंदावले, पेव्हर ब्लॉकची ओळ खचली, केबलसाठी खणलेला चर बुजवताना वर उंचवटा किंवा घळ राहिली, की चाक त्या रेघेत धरले जाते. स्वाराला वाटत असते की आपण सरळ चाललो आहोत, पण सरळ जाण्यासाठी लागणारी ती सूक्ष्म हालचाल बंद पडलेली असते, आणि सायकल एका बाजूला कलू लागली की तिला परत आणण्याचा मार्ग उरत नाही. म्हणूनच अशी रेघ ओलांडायची झाली तर जमेल तितक्या काटकोनात ओलांडावी, त्यासाठी आधी मागे पाहून थोडे रस्त्याच्या आत यावे आणि मग वळावे, असे जाणते सायकलस्वार सांगतात.

याहून अधिक माणसे पाडणारी, पण ज्याकडे रस्ते बांधणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही अशी गोष्ट म्हणजे डांबराची डावी कड. जुन्या थरावर नवा थर घालत गेल्याने रस्ता दर काही वर्षांनी चढत जातो आणि त्याच्या कडेची मुरमाची पट्टी आहे तिथेच राहते. मधला फरक चार बोटांचा असतो, तर कुठे टीचभर. मागून हॉर्न वाजला की सायकलस्वार बिचकून खाली उतरतो. उतरणे सोपे असते. वाहन निघून गेल्यावर तो पुन्हा वर चढण्यासाठी हँडल हळूच उजवीकडे वळवतो, तेव्हा चाक कडेवर चढण्याऐवजी तिच्या अंगाला घासत जाते. टायरची बाजू कडेला टेकलेली असते, त्यामुळे सायकल डावीकडे ढकलली जाते, पण स्वाराचे अंग तर उजवीकडे कललेले असते. परिणामी तो उजव्या बाजूला, म्हणजे थेट रहदारीत पडतो. वर किरकोळ म्हटलेला अपघात प्राणघातक होतो तो इथे, आणि मग पंचनाम्यात दोष मागच्या वाहनाचा किंवा सायकलस्वाराचा नोंदवला जातो. चार बोटांच्या कडेचा उल्लेख कुठे येत नाही.

सायकलस्वाराच्या वाट्याला ही कड येते, याला आणखी एक कारण आहे. पाणी साचू नये म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता ठेवतात. डांबरी रस्त्याला हा उतार साधारणपणे दर मीटरला दोन सेंटीमीटर इतका असतो. पाणी या उताराने कडेला जाते आणि सोबत रेती, खडी, काचा, खिळे आणि सुटलेले नटबोल्टही नेते, शिवाय मोटारींची वेगवान चाके मधला पट्टा आपोआप झाडून काढतात आणि तो सगळा केरही कडेलाच ढकलतात. सुमारे मीटरभर रुंदीच्या ज्या पट्ट्यातून सायकलने जावे अशी सर्वांची अपेक्षा असते, तो रस्त्याचा उकिरडा असतो. पंक्चर काढणाऱ्याच्या पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे सोडणाऱ्या नळ्यांपैकी बऱ्याच या पट्ट्यानेच फोडलेल्या असतात.

पंक्चर ही अपघाताइतकी भयंकर गोष्ट नव्हे, तरी वळणावर पुढच्या चाकातली हवा अचानक गेली तर तीही माणसाला आडवे करते. माळरानालगतच्या रस्त्यांवर याचा मोठा गुन्हेगार म्हणजे सराटा किंवा काटेगोखरू ही जमिनीसरपट पसरणारी वनस्पती. तिचे फळ सुकल्यावर पाच तुकड्यांत फुटते आणि प्रत्येक तुकड्यावरचे टणक काटे अशा कोनात असतात की तो कसाही पडला तरी एक काटा वर तोंड करूनच राहतो. अनवाणी माणसाचा पाय, गुराचा खूर आणि सायकलचा टायर ही त्या बियांच्या प्रवासाची वाहने आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागात ही वनस्पती बाहेरून जाऊन इतकी माजली की तिला तिथे पंक्चरची वेल असेच नाव पडले आणि तिला आवर घालण्यासाठी १९६१ साली सोंडेच्या भुंगेऱ्यांच्या दोन जाती मुद्दाम आणून सोडण्यात आल्या. हे भुंगेरे मूळचे भारत, फ्रान्स व इटली या देशांतले. नळीला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडलेली दिसली तर मात्र दोष काट्याचा नसतो. हवा कमी असलेले चाक खड्ड्याच्या काठावर आपटले की टायर पूर्ण दबतो आणि नळी रिमच्या दोन कडा व खड्ड्याचा काठ यांच्यामध्ये चिमटली जाते, म्हणून सर्पदंशासारखी ती जोडखूण उमटते. यावर उपाय नवा टायर हा नसून वेळेवर भरलेली हवा हा आहे.

पावसाळ्यात धोका हँडलच्या स्वातंत्र्याला नसतो, तो पकडीला असतो. माणूस आणि सायकल यांचे मिळून ८५ किलो वजन धरले आणि टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो इतका दाब धरला, तर दोन्ही चाके मिळून जमिनीला जेमतेम २४ चौरस सेंटीमीटर टेकतात. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला काडेपेटीच्या तोंडाहूनही लहान जागा येते. ताशी १५ किलोमीटर वेगाने पाच मीटर त्रिज्येचे वळण घेताना सायकलला सुमारे २० अंश कलावे लागते आणि त्या वळणाचा सगळा भार या दोन इवल्या ठिपक्यांच्या घर्षणावर असतो. कोरड्या डांबरावर हे घर्षण भरपूर असते, ओल्या डांबरावरही ते बऱ्यापैकी टिकते, परंतु ओले लोखंडी चेंबरचे झाकण, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग, दुकानापुढची गुळगुळीत फरशी यांवर ते एकदम कोसळते. त्यामुळे अशा जागेवरून जायचे तर सायकल सरळ उभी ठेवावी, त्या दोन सेकंदांत ना वळावे, ना ब्रेक दाबावा.

जूनमधली पहिली सर संततधारेपेक्षा वाईट असते, हे अनेकांना खरे वाटत नाही. उन्हाळाभर रस्त्यावर गळलेले तेल, टायरची झिजलेली रबरी भुकटी आणि धूळ यांचा थर थोड्या पाण्यात कालवला जाऊन त्याचे बुळबुळीत मिश्रण होते. मुसळधार पाऊस ते धुऊन नेतो, नुसती भुरभुर मात्र ते तसेच पसरवते. त्यात झाडांची भर पडते. गुलमोहर व सोनमोहराच्या पाकळ्यांचा ओला सडा दिसायला सुंदर असतो, पण वळणावर तो साबणासारखा वागतो. उन्हाळ्यात पर्जन्यवृक्षाच्या शेंगा गळतात आणि चाकांखाली चिरडून त्यांचा गोड, चिकट गर रस्त्याला फासला जातो. पहिल्या पावसाला ती जागाही निसरडी झालेली असते. डबक्यांविषयी एवढेच सांगायचे की, पाण्याखाली काय आहे हे ज्याला दिसत नाही त्याने तिथे उघडे चेंबर आहे असेच समजून बाजूने जावे.

पाण्यावर टायर तरंगतो, म्हणून नक्षी खोल हवी, असा समज मोटारींकडून सायकलीकडे आलेला आहे. मोटारीचा रुंद टायर वेगात असताना खालचे पाणी वेळेत बाजूला सारू शकत नाही, त्यामुळे तो पाण्याच्या पापुद्र्यावर चढतो. हा वेग टायरमधल्या दाबावर अवलंबून असतो, आणि सायकलच्या नेहमीच्या दाबाला तो ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातो. कामावर जाणाऱ्या सायकलला हा धोका नाही. तिला खरी भीती आहे ती ब्रेकची. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर रबर दाबून थांबणाऱ्या आपल्या जुन्या दांडीच्या सायकलींमध्ये रिम ओली झाली की ब्रेकची ताकद अनेक पटींनी घटते. रबराने रिमवरचे पाणी पुसून काढेपर्यंत चाकाचे काही फेरे तसेच निघून जातात. ॲल्युमिनियमच्या रिमवर ही घट पुष्कळ कमी असते आणि डिस्क ब्रेकमध्ये त्याहून कमी. जुन्या सायकलवाल्याने पावसात चौक येण्याच्या बरेच आधी ब्रेक हलका धरून ठेवावा, म्हणजे रिम पुसली जाते आणि खरोखर थांबायची वेळ येते तेव्हा ब्रेक लागतो.

कोणता ब्रेक दाबावा याबाबतही गैरसमज खोल रुजला आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, या भीतीपोटी अनेक जण आयुष्यभर केवळ मागचा ब्रेक वापरतात. ही भीती अर्धीच खरी आहे. थांबताना वजन पुढच्या चाकावर जाते आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे एकट्या मागच्या ब्रेकने थांबण्याचा जो जोर मिळतो तो पुढच्या ब्रेकच्या जवळपास निम्माच असतो, आणि तो जास्त दाबला तर मागचे चाक घसरत जाते. उलट पुढच्या ब्रेकने गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्म्या त्वरणाइतका जोर येईपर्यंत सायकल उलटत नाही. अंग मागे रेलून, हात ताठ धरून, दोन्ही ब्रेक क्रमाने आवळत नेले तर ती मर्यादा गाठली जात नाही. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. उरलेले अंतर ब्रेकवर ठरते, आणि गटारात जाणे व गटाराच्या काठाशी थांबणे यांतला फरक त्या दोन-तीन मीटरांचा असतो.

गतिरोधकांचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था आहे. तिच्या १९८८ च्या मानकात गोलसर गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर दिलेली आहे, म्हणजे तो एक सौम्य टेकाड असावा अशी अपेक्षा आहे. गल्लोगल्ली रातोरात उठणारे गतिरोधक मात्र जेमतेम हातभर रुंद आणि उभट असतात, त्यांच्यावर रंग नसतो आणि दिवा नसलेल्या रस्त्यावर ते सायकलस्वाराच्या चाकाला आधी कळतात, मग डोळ्यांना. ते टाळण्यासाठी कडेला सोडलेल्या वितभर फटीतून सायकल काढण्याचा मोह घातक असतो, कारण पायडल गतिरोधकाच्या अंगाला आपटले की सायकल जागीच फिरते.

काही धोके स्वार घरूनच सोबत नेतो. डब्याची पिशवी हँडलला अडकवणे ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी लेखलेली चूक आहे. पिशवी हेलकावते तेव्हा प्रत्येक हेलकाव्यासरशी हँडल ओढले जाते, आणि तिचा एक कोपरा पुढच्या चाकाच्या तारांत शिरला तर चाक जागीच अडकून स्वार पुढे फेकला जातो. लांब छत्री आडवी लटकवण्याने हेच होते. ओढणी किंवा पदर चेनमध्ये अथवा मागच्या चाकात गुंततो तेव्हा ओढ मानेला बसते. मोटारसायकलींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण सक्तीचे केले; सायकल मोटार वाहन नसल्याने तो नियम तिला लागू नाही, आणि पूर्वी बहुतेक सायकलींना असणारे पूर्ण चेनकव्हर नव्या घडणीत दिसेनासे होत आहे. कॅरिअरवर बसवलेल्या मुलाचा पाय मागच्या चाकात जाणे ही शाळेच्या वाटेवरची फार मोठी वेदना आहे. तारा घोट्यामागची कातडी सोलून काढतात. वरून जखम लहान दिसली तरी टाचेची कातडी आतून चिरडलेली असते आणि काही दिवसांनी काळी पडून गळते, त्यामुळे अशा जखमेला घरी मलमपट्टी करून थांबू नये. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि मुलासाठी पाय ठेवायची जागा, एवढ्याने हा अपघात टळतो.

भटक्या कुत्र्यांचा पाठलाग हा पहाटेच्या फेरीतला नित्याचा प्रसंग असतो. कुत्रे धावत्या पायांमागे लागते. जोरात पायडल मारल्याने त्याचा आवेश वाढतो आणि माणसाचे लक्ष रस्त्यावरून उडते, म्हणून वेग कमी करणे किंवा उतरून सायकल मध्ये धरणे हे अधिक शहाणपणाचे असते. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. संक्रांतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे मांजाचे असतात. पतंग कटल्यावर रस्त्यावर आडवा तरंगणारा नायलॉनचा मांजा दिसत नाही आणि तुटतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी अशा कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी गळे कापले जाण्याच्या बातम्या नागपूर, नाशिक, पुण्यातून दर जानेवारीत येतात. त्या दिवसांत गळ्याला जाड मफलर गुंडाळणे आणि वेग कमी ठेवणे एवढेच स्वाराच्या हाती उरते. उभ्या मोटारीचे अचानक उघडणारे दार मीटरभर जागा व्यापते, म्हणून उभ्या गाड्यांपासून तेवढे अंतर राखावे, मागच्या वाहनाने हॉर्न वाजवला तरी. चालकाने दार उघडताना जवळचा हात न वापरता दूरचा हात वापरला तर त्याचे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल त्याला दिसते. ही डच लोकांची मानली जाणारी पद्धत ब्रिटनच्या रस्ता-नियमावलीत २०२२ साली समाविष्ट झाली, आणि ती मराठी वाहन-प्रशिक्षण वर्गातही शिकवायला काहीच खर्च येणार नाही.

बिनदिव्याची सायकल आणि डबल सीट या दोन गोष्टींवरून पोलीस अडवत, तो काळ जुन्या पिढीला आठवतो. त्या काळी दिव्याला डायनामो असे, आणि त्यात एक मूळचाच दोष होता. चाक फिरते तोवरच वीज तयार होते, त्यामुळे चौकात थांबल्याबरोबर सायकल अंधारात बुडे. पावसात डायनामोची चकती टायरवरून घसरली तर चालतानाही दिवा जाई. आताच्या बॅटरीवरच्या दिव्यांनी ही अडचण संपवली आहे. मागचा लाल दिवा पुढच्या दिव्याहून महत्त्वाचा समजावा, कारण पुढचे संकट स्वाराला निदान दिसू शकते.

इतके करूनही माणूस पडतो. सायकलच्या उंचीवरून जमिनीपर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तेवढ्यात विचार होत नाही. जे होते ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. पडताना हात पुढे टाकण्याची ही क्रिया बाळाच्या पहिल्या वर्षातच अंगी येते आणि ती चेहरा वाचवते, पण तिची किंमत मनगट मोजते. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस नावाचे हाड मनगटाजवळ मोडते. डब्लिनचा शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस याने १८१४ साली या मोडीचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. यापेक्षा फसवे असते ते अंगठ्याच्या मुळाशी असलेले नावेच्या आकाराचे छोटे हाड. ते तडकले तरी पहिल्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही, सूजही बेताची असते, आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने दुर्लक्ष झाल्यास ते जुळतच नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळगीत दाबून दुखत असेल तर पट्टी बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे, हे अस्थिरोगतज्ज्ञ आग्रहाने सांगतात. खांद्यावर पडलेल्याचे गळपट्टीचे हाड मोडते. हँडलचे टोक पोटात रुतले असेल, विशेषतः मुलाच्या, तर कातडीवर फक्त एक गोल वण दिसतो आणि आत स्वादुपिंडाला किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. पोट दुखणे किंवा उलट्या काही तासांनी सुरू झाल्या तरी रुग्णालय गाठलेच पाहिजे.

हेल्मेट सायकलच्या वेगासाठी नसते, डोक्याच्या उंचीसाठी असते. दीड मीटर उंचीवरून पडणारे डोके जमिनीशी पोहोचते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ किलोमीटरच्या पुढे झालेला असतो, आणि युरोपीय मानकात सायकलचे हेल्मेट सपाट पृष्ठभागावर जवळजवळ याच वेगाने, सेकंदाला ५.४२ मीटरने, आपटून तपासतात. आतला थर थर्माकोलच्याच जातीच्या फेसाचा असतो. तो चुरगळतो आणि चुरगळताना आघात शोषतो, पण पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे. डोक्याला मार लागून उलटी, झापड किंवा तेच तेच विचारणे सुरू झाले तर त्या माणसाला एकट्याने घरी जाऊ देऊ नये.

खरचटण्यावर हळद किंवा चुना दाबण्याची रीत मायेची असली तरी तिने रेती आतच राहते. जखम भरपूर पाण्याने धुऊन प्रत्येक कण काढावा लागतो, नाहीतर कातडी त्याच्यावरूनच भरून येते आणि निळसर डाग कायमचा उरतो. रस्त्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे मागची लस पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती पुन्हा घ्यावी.

माणूस सावरल्यावर सायकलकडे पाहायचे असते, आणि ते पाहणे हँडल सरळ करण्यापुरते नसावे. पुढे उभे राहून चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल फिरवले तर ते जागेवर येते. पण ते इतक्या सहज फिरले याचा अर्थ त्याचा बोल्ट सैल होता, आणि पडण्याचे मूळ कारण कदाचित तेच असेल. मग पुढचे चाक उचलून फिरवावे, ते ब्रेकच्या रबराला एका ठिकाणी घासत असेल तर आउट काढून घ्यावा, आणि सायकल बाजूने न्याहाळावी: पुढच्या चिमट्याचे दोन्ही पाय मागे दबलेले दिसले, किंवा मधल्या दांडीखाली चिमट्याच्या डोक्याशी रंगाला सुरकुती पडलेली दिसली, तर पोलाद वाकलेले आहे, आणि ती सायकल दुकानापर्यंत हाताने ढकलत न्यावी.